फाटक पडलंय म्हणजे पडलंय!

रेल्वे फाटक बंद झालं की आपल्याकडे तीन जाती तयार होतात. पहिली बाईक तिरकी करून, मुंडी खाली घालून दांड्याखालून सरकते. दुसरी गाडी घेऊन सरळ उलट्या लेनमध्ये घुसते आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहते. तिसरी नुसता हॉर्न वाजवते आणि गेटमनला शिव्या घालते. रांगेत गप्प उभा राहणारा मात्र बावळट ठरतो. मी त्या बावळटांपैकी एक, आणि आज बावळटांच्या वतीनं बोलतोय.

"कायदाच कडक नाही हो आपल्याकडे" हे पालुपद आधी बंद करा. रेल्वे कायदा १९८९, कलम १६०: बंद फाटक अधिकार नसताना उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. उलट्या लेनमध्ये घुसणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या विरुद्ध दिशेनं गाडी घालणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला हजार ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

आता सांगा, तुमच्या ओळखीत यातली शिक्षा झालेला एक तरी माणूस आहे?

नसणारच. फाटकाच्या आतला गुन्हा आरपीएफच्या हद्दीत, बाहेरची लेन वाहतूक पोलिसांच्या. फाटकावर उभा असतो एकटा गेटमन, हातात हिरवा-लाल झेंडा घेऊन. त्याला ना चलन फाडता येतं, ना गाडी जप्त करता येते. आपण सगळा राग काढतो तो नेमका याच माणसावर.

त्याला "दोन मिनिटं उघड की रे" म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. इंटरलॉक केलेलं फाटक पूर्ण बंद होऊन लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. तुमची एसयूव्ही दांड्याखाली अडकली की तिकडे हजारो प्रवासी खोळंबतात. दिव्याच्या फाटकापायी लोकल किती रखडतात ते मध्य रेल्वेच्या प्रवाशांना विचारा. आणि सिग्नल एकदा मिळाल्यावर मोटरमननं कितीही ब्रेक दाबला तरी वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकतं. तुमचा हॉर्न तिला ऐकू येत नाही.

आपल्याला खरं तर हे सगळं रक्त सांडून कळलेलं आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूरजवळ कन्हान इथं वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली रेल्वेखाली आली. पन्नासहून जास्त माणसं गेली. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला स्कूल व्हॅन मानवरहित फाटकावर गाडीसमोर आली, १३ मुलं गेली. मानवरहित फाटकासाठी कलम १३१ होतंच. गाडी थांबवा, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाला उतरवून दोन्ही बाजू बघायला लावा, कुणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरा. किती साधं! पाळलं किती जणांनी?

शेवटी जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची सगळी मानवरहित फाटकं हटवली. म्हणजे "तिथं कुणी नव्हतं" ही सबबही संपली. तरी मार्च २०२५ मध्ये बोदवडला एक ट्रक कायमचं बंद केलेलं जुनं फाटक तोडून थेट रुळावर गेला आणि अमरावती एक्सप्रेसवर आदळला. शेजारी उड्डाणपूल असताना! जीवितहानी झाली नाही हे नशीब. नशिबावर रेल्वे चालवायची का?

आता काही जण म्हणतील, फाटक अर्धा अर्धा तास बंद असतं, ॲम्ब्युलन्स अडकते, त्याचं काय? शंभर टक्के मान्य. रुळावरचा पूल रेल्वेनं आणि जोडरस्ते राज्यानं बांधायचे, मग एकाचं काम झालं तरी दुसऱ्याचं रखडतं आणि पूल अधांतरी लटकतो. त्यासाठी खासदाराला धारेवर धरा, मीही येतो. रेल्वेचीही चूक असते. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरला स्कूल व्हॅनला धडक बसून तीन मुलं गेली, तेव्हा गेटमनला अटक झाली. ते फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं. म्हणून प्रत्येक फाटक इंटरलॉक करा ही मागणी रास्तच आहे. पण पूल नाही म्हणून दांड्याखालून घुसायचा परवाना तुम्हाला कुणी दिला?

माझ्या मागण्या तीनच. एक, फाटकावरचे कॅमेरे ई-चलनाला जोडा. दांड्याखालून गेलेली आणि उलट्या लेनमध्ये उभी राहिलेली प्रत्येक नंबर प्लेट घरी चलन घेऊन पोचली पाहिजे. दोन, दांडा तोडणाऱ्यावर कलम १६० लावा, "समज देऊन सोडलं" नको. तीन, स्कूल व्हॅनचा ड्रायव्हर फाटकावर नियम मोडताना दिसला तर त्याचं लायसन्स त्याच दिवशी निलंबित करा.

आणि एक काम आपलं. मागे मूल बसवून दांड्याखालून बाईक काढणाऱ्या बापाला अडवा. तो चिडेल, शिवी देईल. देऊ दे. त्या पोराला पुढच्या वेळी काय करायचं हे तो तिथंच शिकवत असतो.