चित्रातले चित्र आणि अडखळती गती

चित्रफितीचे संकलन ही आज केवळ चित्रपटव्यवसायातील मंडळींची मिरासदारी राहिलेली नाही. ज्याच्या हाती मोबाइल आहे तो छायाचित्रकार आणि ज्याच्या घरी संगणक आहे तो संकलक, अशी परिस्थिती आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु साधन हाती आले म्हणजे विद्या हाती आली, असे होत नाही. विद्यार्थ्यांच्या चित्रफितींत मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात दुसरे लहान चित्र बसवायचे आणि ते कारण नसताना इकडून तिकडे पळवायचे, ही हौस सध्या फार बोकाळली आहे. त्या हौसेविषयी आणि तिच्यामागे दडलेल्या एका अडचणीविषयी येथे काही विचार मांडावयाचा आहे.

चित्रात चित्र ही कल्पना मुळीच नवी नाही. इंग्लंडमधील जॉर्ज आल्बर्ट स्मिथ यांच्या १८९८ सालच्या ‘सांता क्लॉज’ या छोट्या मूकपटात मुले खोलीत झोपलेली असतात आणि पडद्यावरच एका वर्तुळात छपरावरचा सांता क्लॉज दिसतो. १९०३ साली अमेरिकेत एडविन पोर्टर यांनी डुलकी लागलेल्या अग्निशामक जवानाच्या शेजारी अशाच वर्तुळात एक आई व तिचे मूल दाखवले. पहिल्या वर्तुळाचा अर्थ ‘त्याच वेळी तिथे’ आणि दुसऱ्याचा ‘त्याच्या मनात’. लेखनात कंसाचे जे काम, तेच चित्रपटात या लहान चौकटीचे. कंस उगाच हलत नाही.

मग ती चौकट हलवूच नये काय? तसे नव्हे. व्याख्यात्याचा चेहरा कोपऱ्यात आहे आणि नकाशातील नेमका तोच कोपरा दाखवावयाचा आहे, तर चेहऱ्याने बाजूला सरकावे. साक्षीदाराचे बोलणे महत्त्वाचे ठरू लागले, तर त्याची लहान चौकट वाढत जाऊन पडदा व्यापू दे. उलट, सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या दुभाषाची चौकट मात्र मुळीच हलवू नये. कर्णबधिर प्रेक्षकाची सारी भिस्त तिच्यावर असते.

ही हालचाल घडते कशी? हाताने काढलेल्या चलच्चित्रांत मुख्य चित्रकार हालचालीची महत्त्वाची चित्रे काढी आणि मधली चित्रे साहाय्यक भरीत. आजच्या ‘कीफ्रेम’चे मूळ तेथे आहे. आरंभी चौकट कोठे व केवढी, शेवटी कोठे व केवढी, एवढे आपण सांगावयाचे. मधले संगणक भरतो. सरळ हिशेबाने भरले तर चौकट धक्क्याने सुटते आणि धक्क्याने थांबते. मृदू गती निवडली तर फलाटावरून निघणाऱ्या गाडीप्रमाणे ती हळू निघते, वेग घेते आणि हळू थांबते.

खरी अडचण पुढेच आहे. ही गती बरी की वाईट, हे डोळ्यांनी पाहूनच ठरते आणि साध्या संगणकावर नेमके तेच पाहता येत नाही. गणित सोपे आहे. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे एका चौकटीला ४० मिलिसेकंद. ४के चित्रफितीच्या एका चौकटीत ३८४०×२१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. चित्रात चित्र म्हटले की अशा दोन फिती एकाच वेळी उलगडाव्या लागतात. सेकंदाला सुमारे ४१ कोटी ठिपके. बिचारा संगणक धापा टाकतो आणि मधल्या चौकटी गाळतो. सेकंदात ९६० ठिपके सरकणारी चौकट २५ पावलांत गेली तर प्रत्येक पाऊल सुमारे ३८ ठिपक्यांचे. आठच पावले दिसली तर १२० ठिपक्यांची उडी! ती पाहून संकलकाला वाटते, हालचालच चुकली. मग तो वेळ वाढवतो, नव्या कीफ्रेम घालतो आणि चांगले बिघडवून बसतो. अडखळत म्हटलेल्या ओवीवरून तिच्या लयीची परीक्षा करण्यासारखाच हा प्रकार!

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे महागडा संगणक. माझे स्पष्ट मत असे की, तो बहुतेकांना अनावश्यक आहे. फिल्मच्या काळात संकलक मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तो स्वस्तातल्या कामचलाऊ प्रतीवर कापाकापी करी. निगेटिव्ह शेवटी त्याबरहुकूम कापली जाई. आजची ‘प्रॉक्सी’ ही तीच कामचलाऊ प्रत. ९६०×५४० ठिपक्यांची प्रॉक्सी केली की संगणकाचे ओझे सोळाव्या हिश्शावर येते. केडेनलाइव्ह या विनामूल्य प्रणालीत ही सोय आहे. पाहण्यापुरते चित्र लहान करण्याची आणि टाइमलाइनचा हवा तेवढाच तुकडा आधी तयार करून ठेवण्याचीही आहे. अंतिम चित्रफीत मूळ फितींवरूनच तयार होते. स्पष्टता थोडा वेळ सोडावी, पण गती सोडू नये, हे यातील सूत्र. अर्थात बारीक अक्षरे आणि रंग तपासण्याच्या वेळी मूळ फितीकडे परतावेच लागते. परंतु ते काम लयीचे नव्हे.

‘हा तंत्रज्ञांचा प्रांत, कलाशाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का शिरावे?’ असे काही प्राध्यापक म्हणतील. त्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते, वृत्त शिकवताना आपण मात्रा मोजावयास लावत नाही काय? मात्रा मोजणे ही कविता नव्हे; पण ज्याला त्या ऐकूच येत नाहीत, त्याला लय बिघडली हे कळणार कसे?

प्रश्न न्यायाचाही आहे. ज्याच्याकडे भारी संगणक, त्याच्याच हाती संकलन, असा पायंडा पडला तर जुन्या संगणकावर काम करणारा होतकरू विद्यार्थी स्वतःला नालायक समजून बाजूला होईल. त्याच्याकडे नसते ती बुद्धी नव्हे. कामचलाऊ प्रतीची ही साधी युक्ती त्याला कोणी सांगितलेली नसते. ती शिकवावयास एक दुपार पुरे. महाविद्यालयांनी नव्या यंत्रांच्या खरेदीआधी त्या दुपारची सोय करावी आणि विद्यार्थ्यांनीही चौकट हलवण्यापूर्वी ‘का?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा.