देवाची मर्जी म्हणून हात झटकू नयेत

शारजात कामाला गेलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यातच एक अरबी शब्द शिकतो. तो शब्द म्हणजे ‘इन्शाल्ला’. पगार केव्हा होईल? इन्शाल्ला, परवा. रजा मिळेल का? इन्शाल्ला, मिळेल. हा शब्द त्याला परका वाटत नाही, कारण ‘देवाची इच्छा असेल तर’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या बेटावर तर हेच बोलणे देवळात, मशिदीत आणि गिरजाघरात सारखेच कानी पडते. दर सप्टेंबरात पेर लावाल यांच्या समाधीकडे चालत जाणाऱ्यांत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, हे कोणी मोजत नाही. म्हणून आजचा विषय ख्रिस्ती धर्मशिकवणीचा असला तरी तो आपणा सर्वांचा आहे, असे आम्ही समजतो.

विषय असा : देव सर्वसत्ताधीश आहे आणि त्याच्या मर्जीवाचून पानही हलत नाही, असे मानले तर माणसाच्या इच्छेला काय अर्थ उरतो? माणसाचे तारण देव करतो, की माणूस ते स्वतः निवडतो?

शारजाच्या यारमूक भागात गेले म्हणजे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देणारी गिरजाघरे एकमेकांच्या शेजारी दिसतात. कॅथलिकांचे सेंट मायकेल, अँग्लिकनांचे, केरळच्या मार्थोमा मंडळींचे, आर्मेनियन लोकांचे, आणि २०११ साली अभिषेक झालेले रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचे सेंट फिलिप. इस्लामी राज्यात ही सर्व मंडळी आपापल्या पद्धतीने उपासना करतात. शुक्रवार सुट्टीचा, म्हणून मोठी गर्दी शुक्रवारी. २०२२ पासून शारजात सरकारी सुट्टी शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची झाली, तरी शुक्रवारची सवय मोडलेली नाही.

या पंथांतला वाद जुना आहे. पाचव्या शतकात पेलागियस म्हणाला की, माणसाने मनावर घेतले तर तो स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो. संत ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. मनावर घेण्याची शक्तीही देवाच्या कृपेवाचून येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत नाकारले. पुढे कॅल्विन यांनी ऑगस्टीनचा धागा ताणून, कोणाला तारायचे ते देवाने आधीच ठरविले आहे, असे शिकविले. आर्मिनियस यांना ते पटले नाही. देव कृपा सर्वांपुढे ठेवतो, ती घेणे न घेणे माणसाकडे आहे, असे ते म्हणाले. त्यांच्या निधनानंतर हॉलंडमधील डॉर्ट येथे १६१८-१९ साली सभा भरली आणि तिने त्यांच्या अनुयायांविरुद्ध निर्णय दिला. तरी त्यांचे मत मेले नाही. पुढच्या शतकात जॉन वेस्ली यांनी तेच मत गावोगाव नेले. कॅथलिकांतही डोमिनिकन आणि जेझुइट यांचा याच प्रश्नावर इतका कडाक्याचा वाद झाला की, १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी कोणालाच दोषी न ठरविता, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढे सांगून तो थांबविला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी देवाची कृपा आणि माणसाचा होकार यांचे सहकार्य मानतात.

एवढ्या मतभेदांतही दोन गोष्टींवर हे सारे पंथ एक आहेत. पहिली, तारणाचा आरंभ देवाकडून होतो. आपल्या पुण्याईने कोणी ते विकत घेऊ शकत नाही. दुसरी, केलेल्या पापाची जबाबदारी माणसाची आहे. ती देवावर ढकलता येत नाही. या दोन गोष्टी तर्काच्या एका दोरीत कशा ओवायच्या, यावर भांडण आहे. दोन्ही खऱ्या आहेत, यावर नाही.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण घ्या. १८९३ च्या सुमारास रेव्हरंड नारायण वामन टिळक, तेव्हा नुसते टिळक, नागपुराहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी कोण होता हे टिळकांना पुढेही कळले नाही. हे ईश्वरी योजनेचे उदाहरण आहे, असे कोणीही म्हणेल. पण पुस्तक हाती आले म्हणून टिळक ख्रिस्ती झाले नाहीत. ते त्यांनी वाचले, शंका काढल्या, घरदार आणि जात सुटेल हे ओळखून पाऊल टाकले. शिवाय तुकोबांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, असे ते मानीत. म्हणजे ज्या वाटेने ते गेले तिचा पाया देहूत होता.

लक्ष्मीबाईंची गोष्ट याहून बोलकी आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, सोवळे सांभाळीत राहिल्या. पुढे घरातल्या रोजच्या व्यवहारातून माणसामाणसांतला भेद त्यांचा त्यांनाच खोटा वाटू लागला आणि १९०० साली त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्यांची ही वाट ठाऊक आहे. देवाने त्यांना ओढून नेले असे म्हणावे, तर त्यांच्या मनाविरुद्ध काही झालेले दिसत नाही. त्या आपणहून गेल्या असे म्हणावे, तर १८९५ साली असे होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

मराठी बायबलात या मुक्तीला ‘तारण’ हा शब्द आहे. हाच शब्द आपण कर्जाच्या व्यवहारात वापरतो. जमीन तारण ठेवली, दागिना तारण ठेवला, म्हणजे कर्जासाठी गहाण टाकला. ख्रिस्ती शिकवण अशी की, माणसाचे ऋण इतके मोठे आहे की त्यासाठी ठेवण्याजोगे त्याच्याजवळ काही नाही. ख्रिस्ताने त्याच्या वतीने स्वतःला दिले. ज्याच्यासाठी दुसऱ्याने आपले सर्वस्व ठेवले, त्याने ताठ मानेने मिरवू नये आणि पुन्हा उधळपट्टीही करू नये. देवाची सत्ता आणि माणसाची जबाबदारी यांचा मेळ आम्हांस तरी या साध्या व्यवहारात अधिक समजतो.

आता मुख्य मुद्दा. ‘देवाची मर्जी’ हे शब्द कोणी, कोणाविषयी उच्चारावेत?

शारजाला जाण्यासाठी कोकणातल्या एखाद्या घराने आंब्याची बाग खरोखरीच तारण ठेवून एजंटाला पैसे दिले आहेत, असे समजा. मुलगा तेथे पोहोचतो. सांगितलेले काम नाही, सांगितलेला पगार नाही. घरी फोन केला की वडीलधारी मंडळी म्हणतात, देवाची मर्जी, सहन कर. एजंटही तेच म्हणतो. वस्तुतः अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानेच भरतीचा खर्च कामगाराकडून उकळण्यास मनाई आहे. तेव्हा हा माणसाने केलेला अन्याय आहे, आणि त्यावर देवाचे नाव घालणे हे दुसरे पाप आहे.

बायबलातील योसेफाची कथा येथे आठवावी. भावांनीच त्याला वीस रौप्यमुद्रांना व्यापाऱ्यांच्या तांड्याला विकले. परदेशात तो दास झाला, तुरुंगात पडला, आणि पुढे त्याच मिसर देशाचा कारभारी झाला. दुष्काळात भाऊ धान्यासाठी दारात आले. बाप वारल्यावर आता हा सूड घेईल म्हणून ते घाबरले. तेव्हा योसेफ त्यांना सांगतो की, तुमच्या मनात वाईटच होते, पण देवाने त्यातून पुष्कळांचे प्राण वाचविले. पहा, येथे देवाची सत्ता पूर्ण मानली आहे आणि भावांचा अपराधही पुसलेला नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे शब्द योसेफाच्या तोंडी आहेत, ज्याने सोसले त्याच्या तोंडी. भावांनी ते म्हटले असते तर ती निव्वळ निर्लज्जता झाली असती.

हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपले पूर्वज कोकणातून निघाले आणि गिरमिटावर अंगठा उठवून या बेटावर उतरले. १८३४ पासून सुमारे पाच लाख माणसे अशी आली. आज त्यांची पणतवंडे शिकलेली आहेत, गणपती थाटाने बसवितात, आणि घरातली म्हातारी म्हणते की देवानेच आपल्याला येथे आणले. तिने ते म्हणावे. त्यात कृतज्ञता आहे. पण ऊसमळ्याच्या मालकाने तेच वाक्य म्हटले असते, तर आपण ऐकून घेतले असते काय?

मराठीत ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ अशी म्हण आहे आणि ‘प्रयत्नांती परमेश्वर’ अशीही आहे. पहिली आपण आळशाला हसण्यासाठी वापरतो, दुसरी मुलांना शिकवितो. उंट आधी बांध आणि मग देवावर भरवसा ठेव, अशी शिकवण अरबांतही आहे. यारमूकमधल्या निरनिराळ्या गिरजाघरांत शुक्रवारी जी प्रवचने होतात, तीही शेवटी श्रोत्याला काहीतरी करायलाच सांगून घरी पाठवितात. कॅल्विनचे अनुयायीसुद्धा देवाने सारे ठरविले आहे म्हणून हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्याच परंपरेतले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. आपल्याला जे चांगले लाभले ते देवाचे माना, म्हणजे गर्व होणार नाही. आपण जे वाईट केले ते आपले माना, म्हणजे पश्चात्तापाला वाट राहील. दुसऱ्यावर अन्याय झाला असेल तर देवाची मर्जी सांगत बसू नका, आधी त्याचे कागद पाहा आणि दाद कोठे मागायची ते विचारा. त्या दुःखात देवाचा हात होता की नाही, हे सांगण्याचा अधिकार ज्याने ते भोगले त्याचा. एखादे दिवशी तो स्वतःच सांगेल. तोवर आपण त्याच्याबरोबर उभे राहावे.