गांधीलमाशी आकुर्डीत कशी रुजली? इटालियन यंत्रे, पुण्याचे कारागीर आणि रद्दीत निघालेली साधने

#थ्रेड #इतिहास

१/ लोणी स्टेशनच्या चौकात सकाळी उभे राहिले की सोलापूर रस्त्यावरून तेलाचे टँकर, उसाच्या गाड्या आणि माणसांनी भरलेल्या ॲपे जाताना दिसतात. ॲपे हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो परका आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. इटालियन भाषेत 'आपे' म्हणजे मधमाशी. तिची थोरली बहीण 'व्हेस्पा', म्हणजे गांधीलमाशी.

२/ या दोन माश्यांचा पुणे जिल्ह्याशी असलेला संबंध बहुतेकांना अर्धाच ठाऊक असतो. कुणी म्हणतो, 'बजाजने इटलीची नक्कल केली.' कुणी म्हणतो, 'इटलीला हाकलून आपण स्वदेशी स्कूटर केली.' माझ्या मते ही दोन्ही वाक्ये इतिहास म्हणून अपुरी आहेत. दोन्हींत एक माणूस गाळला गेला आहे. त्याच्याविषयी हा धागा.

३/ आरंभ युद्धोत्तर इटलीत. पियाजिओ ही मूळची १८८४ मधली कंपनी. पुढे तिने विमाने बांधली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या पाँतेदेरा येथील कारखान्यावर बाँब पडले आणि युद्धानंतर विमानांचे कामच उरले नाही. कोराडीनो दास्कानियो या हेलिकॉप्टरवर काम केलेल्या अभियंत्याने १९४६ मध्ये व्हेस्पा रचली. १९४८ मध्ये तिच्यापासून तीनचाकी मालवाहू आपे निघाली.

४/ व्हेस्पाचे वैशिष्ट्य तिच्या अंगात होते. मोटारसायकलप्रमाणे नळ्यांचा सांगाडा आणि वर झाकण, अशी तिची रचना नव्हती. पत्रा दाबून घडवलेले अंगच सगळा भार पेलत असे. म्हणून ती स्वतः तयार करू पाहणाऱ्याला नुसते चित्र पुरत नसे. मोठे प्रेस, त्यांचे साचे (कारखान्याच्या भाषेत डाय), जोडणीचे जिग आणि कामाचा क्रम, हे सारेच लागे.

५/ इटालियन उद्योगाने परदेशात हेच विकले. आधी तयार गाडी, मग सुट्या भागांचे खोके आणि शेवटी परवाना, नकाशे व तंत्र. जर्मनीत हॉफमन, इंग्लंडमध्ये डग्लस आणि स्पेनमध्ये मोटोव्हेस्पा यांनी पन्नाशीच्या दशकात अशाच करारांवर व्हेस्पा बनवली. स्वतःचे तंत्र दुसऱ्याच्या कारखान्यात रुजवून देणे हादेखील एक व्यापारच होता.

६/ भारतात हा व्यापार प्रामुख्याने महाराष्ट्राच्या दारातून आला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट आणली. भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा आणली. बजाज समूहाची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १९४५ मध्ये निघाली आणि १९४८ पासून परदेशी दुचाकी-तीनचाकी वाहने आणून विकू लागली.

७/ १९५९ मध्ये बजाजला दिल्लीकडून उत्पादनाचा परवाना मिळाला. १९६० मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले आणि पियाजिओच्या परवान्याखाली व्हेस्पा तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या माळांवर छोट्यामोठ्या कारखान्यांच्या शेड उभ्या राहू लागल्या.

८/ येथून पुढची कथा सहसा दोनच पात्रांत सांगितली जाते : उद्योगपती आणि सरकार. वास्तविक एका स्कूटरचे शेकडो भाग असतात आणि ते सगळे एका छपराखाली होत नाहीत. कुणी खटका करतो, कुणी दट्ट्या, कुणी केबल, तर कुणी नुसत्या पिना. आयात कमी करत देशी भाग वाढवायचे, ही त्या काळच्या सरकारची अट असे. ती अट कागदावर दिल्लीत लिहिली गेली, परंतु पाळली गेली ती भोसरीच्या शेडमध्ये.

९/ एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. इटालियन नकाशे मिलिमीटरमध्ये. आपल्याकडे मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला १९५६ मध्ये आणि ती टप्प्याटप्प्याने रुजत होती. वर्कशॉपमधले कित्येक लेथ मात्र ब्रिटिश वळणाचे, इंचाचे. म्हणजे इटलीचा भाग पुण्यात घडवणारा कारागीर दिवसभर दोन मापांच्या मध्ये दुभाष्याचे काम करीत होता. तंत्रज्ञानाचे हस्तांतरण या जड शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ हा असा असतो.

१०/ १९७१ मध्ये पियाजिओबरोबरचा करार संपला. परकीय सहकार्य आटोपते घ्यावे, या तत्कालीन धोरणामुळे त्याला मुदतवाढ मिळाली नाही. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, 'चेतक' आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे, घडण मात्र उघडपणे व्हेस्पाची. हे नाकारण्यात काहीच हशील नाही. पुढे बजाजच्या स्कूटर परदेशी बाजारांत उतरल्या, तेव्हा पियाजिओने न्यायालयाची वाटही धरली.

११/ मग ती नक्कल होती का? बाह्यरूपाची, निःसंशय. परंतु करार संपल्यावर नकाशे तेच राहिले तरी सल्ला देणारा उरला नव्हता. साचा झिजला तर नवा कोण करणार? पोलादाची जात बदलली तर दाब किती धरायचा? या प्रश्नांची उत्तरे ज्याला स्वतः देता येतात, तो नक्कल करण्याच्या पलीकडे गेलेला असतो. अकरा वर्षांत आकुर्डी आणि तिच्या भोवतालची शेडवस्ती तेथवर पोचली होती.

१२/ उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चेतकचा विजय बंद बाजारातला होता. नोंदणी करून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत, कारण किती गाड्या बनवायच्या हेही सरकारच ठरवत असे. ज्याच्या दाराशी रांग उभी आहे, त्याला वस्तू बदलण्याची निकड भासत नाही. चेतकचे मूळ रूप तीन दशके फारसे बदलले नाही, यामागे हे एक मोठे कारण आहे. त्याला निव्वळ स्वदेशीचा जयजयकार म्हणणे म्हणजे ग्राहकाचा इतिहास पुसून टाकणे होय.

१३/ आता त्याच सुमाराचा दुसरा प्रयोग पाहा. १९७२ मध्ये लखनौला सरकारी 'स्कूटर्स इंडिया' स्थापन झाली. तिने इनोचेंतीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री, नकाशे आणि नावाचे हक्क असा सगळा संसारच विकत घेतला. पुण्याच्या हाती करार उरला नव्हता, लखनौच्या हाती अख्खा इटालियन कारखाना होता. तरी १९९७ च्या सुमारास तिथले स्कूटरचे उत्पादन थांबले आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने ती कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

१४/ ही तुलना सरळसोट नाही, हे मान्य. एक खासगी, दुसरी सरकारी, भांडवल वेगळे, व्यवस्थापन वेगळे. तरीही एक गोष्ट उरतेच. यंत्रे जहाजात भरून आणता येतात, यंत्राभोवतीचा शेजार आणता येत नाही. टेल्कोने पुण्यात पाय रोवताना साठच्या दशकात आधी साधननिर्मिती आणि प्रशिक्षण यांवर भर दिला, त्यामागची दृष्टी हीच होती. असा शेजार पुण्यात कितीतरी हातांनी घडवला.

१५/ गाळला गेलेला माणूस तो हाच : फिटर, टर्नर, टूलरूमचा कारागीर. माझे मामा त्यांतले एक. ते सांगत, साच्याचे दोन भाग नीट बसतात की नाही हे पाहायला एका भागाला निळी शाई लावायची, दोन्ही दाबायचे, आणि जिथे निळे उमटेल तिथले हलक्या हाताने घासायचे. पुन्हा शाई, पुन्हा दाब, पुन्हा घासणे. 'थांबायचं कुठं, ते नकाशात लिहिलेलं नसतं रे,' हे त्यांचे वाक्य. पदव्युत्तर वर्गातल्या कित्येक व्याख्यानांपेक्षा ते माझ्या अधिक स्मरणात आहे.

१६/ मामांचे वर्कशॉप गेल्या दिवाळीनंतर बंद झाले. मालकांचे वय झाले होते, मुले दुसऱ्या व्यवसायात. मला कळून मी पोचेपर्यंत दोन लोखंडी कपाटे भंगारवाल्याकडे गेली होती. आत काय होते, ते मामांनी सांगितले : निळे नकाशे, इटालियन आणि इंग्रजी मजकुराची यंत्रांची पुस्तके, नाकारलेल्या मालाच्या चिठ्ठ्या, मापे टिपलेल्या वह्या. किलोच्या भावाने. दोष कुणाचाच नाही. त्यांना ती अडगळ वाटली, कारण तो इतिहास आहे असे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते. मीही नाही.

१७/ दरम्यान माश्या परतल्या. १९९९ पासून बारामतीत पियाजिओची आपे तयार होऊ लागली. २०१२ मध्ये तिथूनच व्हेस्पा पुन्हा बाजारात आली. रांजणगावला कारारो ही इटालियन कंपनी ट्रॅक्टरचे ॲक्सल आणि गिअर यंत्रणा करते. तिथेच फियाट आणि टाटांचा संयुक्त कारखाना उभा राहिला. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन तर मारुती आणि टाटांच्या इतक्या गाड्यांत बसले की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले.

१८/ आणि जुने निघूनही गेले. आकुर्डीतले वाहनांचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. पुढे तिथेच विजेवरची चेतक आली, पण ते नवे पर्व. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी हळवे अग्रलेख लिहिले. गाडीसाठी आपण हळवे होतो. तिचा साचा घासणाऱ्यासाठी मात्र कुणाची एक ओळही नाही.

१९/ हा केवळ स्मरणरंजनाचा विषय नाही. आजही इटालियन यंत्रविक्रेते भारतात येतात, प्रदर्शनांत पॅकिंगची, कापडाची, धातुकामाची चकचकीत यंत्रे मांडतात. त्यांचे कौशल्य खरे आहे आणि त्यांनी ते विकावे, यात गैर काही नाही. प्रश्न घेणाऱ्याचा आहे. किंमत आणि वेग विचारून आपण थांबतो. बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण शिकवणार, सुटा भाग येथे करता येईल का, नियंत्रणाची किल्ली कुणाकडे राहणार, हे आकुर्डीने विचारायला शिकवलेले प्रश्न आहेत. ते विसरलो तर आपण यंत्राचे मालक होऊ, तंत्राचे नाही.

२०/ कुणी म्हणेल, कंपन्यांचा इतिहास कंपन्या लिहितील. त्या लिहितातही. परंतु त्यात अध्यक्षांची छायाचित्रे, वर्षे आणि लाखावी गाडी असते. पुरवठादाराच्या शेडमधली वही नसते. पेशवाईचा इतिहास केवळ राजवाड्यांच्या खलित्यांवरून लिहिला, तर कुलकर्ण्याचे दप्तर जसे हरवेल, तसेच हे आहे.

२१/ इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करीत. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड उभे राहिले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्या दप्तरांकडेही घरोघरी रद्दी म्हणूनच पाहिले जात होते. आपल्या पिढीसमोर असलेली दप्तरे लोखंडी कपाटांत आहेत आणि त्यांना वाळवी नव्हे, वजनकाटा खातो आहे.

२२/ म्हणून, मित्रहो, एक विनंती. तुम्ही गडकोट पाहता, मोडी शिकता, ते जरूर करा. सोबत एवढेही करा. घरात, नात्यात, आळीत कुणी कारखान्यातून निवृत्त झालेले असतील तर त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा. संमती घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करा. वह्या, ओळखपत्रे, यंत्रांची माहितीपुस्तके यांची छायाचित्रे घ्या, तारीख आणि स्थळ लिहा. एखादे वर्कशॉप बंद होत असल्याचे कळले, तर भंगारवाल्याच्या आधी पोचा.

२३/ मी मामांपासून सुरुवात केली आहे. आतापर्यंत चार बैठका झाल्या. कपाटे गेली, पण निळ्या शाईची गोष्ट तरी नोंदली गेली. काल लोणी स्टेशनच्या चौकात त्यांनी समोरच्या ॲपेकडे पाहून विचारले, 'हिच्या पत्र्याचा साचा आता कोण घासत असेल रे?' मला उत्तर माहीत नव्हते. तुमच्यापैकी कुणाच्या घरात ते माहीत असेल, तर खाली अवश्य लिहा.

धागा समाप्त.