घोड्याचा पत्ता लागतो, स्वाराचा नाही

माथेरानच्या घोड्याला नंबर असतो, घोडेवाल्याला परवाना असतो. घोडा मोकाट सुटला तर तो कोणाच्या तबेल्यातला, हे दस्तुरी नाक्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच्यावरून जो साहेब खाली पडला, तो कोण, कुठला, त्याच्या घरी कोणाला कळवायचं? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मला तरी आजवर एकाही घोडेवाल्याने घोड्यावर चढवताना नाव विचारलेलं नाही. भाव मात्र न विचारता सांगितला.

घोडेवाल्यांना झोडपणं सोपं आहे, म्हणून आधी पर्यटकाकडेच वळतो. हा माणूस पिझ्झा मागवताना लाइव्ह लोकेशन पाठवतो, इमारतीची खूण सांगतो, वर वॉचमनचा नंबरही देतो. आणि जिवंत जनावराच्या पाठीवर, दरीच्या कडेच्या वाटेने निघताना फोन कोणाच्या हातात देतो? घोडेवाल्याच्या. ‘भाऊ, जरा व्हिडिओ काढा ना!’ घोडा बुजला, स्वार डोक्यावर आपटला, बेशुद्ध झाला, तर घोडेवाल्याच्या हातात राहतो चाळीस हजारांचा लॉक झालेला फोन. जे हौशी स्वार फोन खोगिराच्या पिशवीत कोंबतात त्यांची तर आणखी मजा. स्वार खाली, फोन घोड्यासोबत चौखूर तबेल्याकडे.

फोन अंगावर ठेवा, बंद होणाऱ्या खिशात. त्याच्या लॉक स्क्रीनवरच्या ‘इमर्जन्सी’ बटणामागे आजार, औषधं आणि जवळच्यांचे नंबर भरून ठेवायची सोय आहे. पासवर्ड न टाकता कोणालाही ती माहिती दिसते. तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारून पाहा, किती जणांनी ती भरली आहे. भरणारे बहुधा रक्तगट लिहून मोकळे होतात. रक्तगट लिहायला हरकत नाही, पण रक्त चढवण्याआधी रुग्णालय तो स्वतः तपासतंच. डॉक्टरला हवं असतं ते वेगळंच : रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, पेसमेकर बसवला आहे का. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत ती एक गोळी उपचारांची दिशा बदलू शकते. आणि ती माहिती कुठे असते? बायकोला तोंडपाठ. बायको कुठे? मागच्या घोड्यावर, तिच्याही फोनला रेंज नाही. म्हणून फोनमध्ये भरलेल्या नंबरांपैकी एक तरी घरी बसलेल्या माणसाचा हवा.

‘तुम्ही नक्की कुठे आहात?’ हा पुढचा घोळ. ‘लाल मातीचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडं आहेत,’ असं उत्तर येतं. अहो, हे अख्ख्या माथेरानचंच वर्णन झालं! शार्लोट लेकपासून वन ट्री हिलपर्यंत सगळीकडे तेच. मागे टाकलेल्या पॉइंटचं नाव लक्षात ठेवणं एवढं जड आहे का? 112 किंवा 108 ला तेवढं सांगता आलं तरी शोधणाऱ्याला दिशा मिळते.

2003 पासून हा डोंगर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वाहनबंदी त्याच्याही आधीपासूनची, आणि ती असावीच. पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. रुग्णवाहिका वर असली तरी पॉइंटांच्या अरुंद वाटांवर शेवटी माणसंच जखमीला उचलून आणतात. मोठ्या उपचारासाठी पुढे नेरळचा घाट उतरायचा. इथे वेळ आधीच कमी, त्यातला काही ‘हा पेशंट कोण?’ यात घालवायचा म्हणजे निव्वळ बेफिकिरी.

आता घोडेवाले आणि परवाने देणारे. घोड्यावर चढण्याआधी एक चिठ्ठी भरून घ्या : नाव, दोन नंबर, चालू औषधं, जाण्याची वाट, परतण्याची वेळ. अर्धी स्टँडवर, अर्धी स्वाराच्या खिशात. मराठीत, ठळक अक्षरात, कारण ती पहिल्यांदा वाचणार आहे घोडेवाला. लहान मुलांच्या खिशात तर ती हवीच, कारण आईबापांचा नंबर आजकाल मुलांना पाठ नसतो. खोगिरावर मालकाचा फोन नंबर लिहा, म्हणजे रिकामा घोडा परत आला की कोणाला फोन करायचा हे तरी कळेल. हेल्मेटचं वेगळं सांगायला लागू नये, पण केस विस्कटतात म्हणून ते हातात धरून बसलेले महाभाग मी पाहिले आहेत.

ही चिठ्ठी परवान्याची अट करा आणि येत्या दिवाळीच्या गर्दीआधी करा. चिठ्ठी भरायला कंटाळणाऱ्या गिऱ्हाइकाला घोडा देऊ नका. त्याने पॉइंट पायी बघावेत.