न जुळणारा मेळ

वर्षअखेरीस तेरीज मांडली आणि दोन्ही बाजूंत २७ रुपयांचा फरक निघाला, की पेढीवरील जुन्या मुनिमाची झोप उडते. २७ रुपये पदरचे घालून मेळ बसविणे काही अवघड नसते. पण तसे करणे त्याच्या मनाला मानवत नाही. चूक याच वह्यांत, आपल्याच डोळ्यांसमोर कोठेतरी आहे, हे तो पक्के जाणतो. पाने पुन्हा उलटली जातात, बेरजा पुन्हा तपासल्या जातात. फरकाला नऊने भाग जातो, त्या अर्थी कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे पहाटे केव्हातरी सुचते आणि ६३ च्या जागी ३६ लिहिलेली ओळ सापडते. रात्रभराचा वैताग त्या क्षणी विरून जातो. उरते ते केवळ समाधान.

संगणकावरील अवघड कोड्यांच्या खेळांची ओढ ज्यांना समजत नाही, त्यांनी हा मुनीम डोळ्यांसमोर आणावा. घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी तासभर एकाच चित्राकडे पाहत बसते. पडद्यावर धावपळ नाही, गोळीबार नाही, गुणांचा आकडाही वाढत नाही. मध्येच कपाळाला हात लावला जातो, कागदावर काही खुणा काढल्या जातात, पुन्हा तेच चित्र. ज्या खेळात पावलोपावली अडायचे, त्यासाठी पैसे आणि वेळ कोणी का खर्च करावा, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडणे स्वाभाविक आहे.

या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती ‘मिस्ट’ या खेळाने. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहराच्या परिसरात रँड मिलर आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी ‘सायन’ या आपल्या छोट्या कंपनीत तो घडविला आणि १९९३ साली मॅकिंटॉश संगणकासाठी तो प्रसिद्ध झाला. तोवर या बंधूंनी लहान मुलांसाठी खेळ केले होते. ‘हायपरकार्ड’ नावाच्या साध्या प्रणालीत सुमारे २,५०० चित्रे एकमेकांना जोडून त्यांनी एक निर्जन बेट उभे केले. खेळणारा ते बेट स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. पडद्यावर त्याची आकृती कोठेही दिसत नाही. शत्रू नाही, शस्त्र नाही, मरण नाही, नियमांची यादीही नाही. खोक्यात तबकडीसोबत एक कोरी वही तेवढी दिलेली होती. खुणा टिपून ठेवण्याचे काम खेळणाऱ्याचे. अशा या खेळाच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकीपर्यंत संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ हा मान त्याच्याकडेच राहिला.

खेळाच्या आरंभी वाटेवर एक चिठ्ठी सापडते. बेटावर ठिकठिकाणी बसविलेल्या खुणेच्या कळी मोजाव्यात आणि तो आकडा धक्क्याजवळच्या खोलीतील यंत्रात घालावा, एवढाच तिचा आशय. आकडा येथे सांगणे उचित नव्हे. मात्र तो मिळविण्यासाठी खेळणाऱ्याला सारे बेट पायाखाली घालावे लागते आणि मोजणी करता करता ग्रंथालय, बुडालेले जहाज, डोंगरावरील दातेरी चक्रे ही सर्व स्थळे त्याच्या परिचयाची होतात. पहिलेच कोडे पाहायला शिकविते.

सगळीच कोडी इतकी सौम्य नाहीत. मिस्टमधील एका जगात जमिनीखालील भुयारांतून गाडी न्यावी लागते. प्रत्येक फाट्यावर एक विचित्र आवाज येतो आणि वाट निवडावी लागते. त्या आवाजांचा अर्थ या जगात कोठेही सांगितलेला नाही. तो वेगळ्याच एका जगात, फिरणाऱ्या किल्ल्याच्या यंत्रात दडलेला आहे. तेथे प्रत्येक दिशेला किल्ला वळला की तिचा ठरलेला आवाज होतो. ज्याने तो किल्ला आधी पाहिला आणि आवाज कानात साठविले, त्याला गाडी नेणे सोपे जाते. ज्याने वाट उलटी धरली, तो अंधारात चकरा मारत राहतो आणि अखेर संगणक बंद करून उठतो. कितीएकांचा मिस्टचा प्रवास तेथेच थांबला.

वैताग असा असला, तरी त्यातही दोन जाती आहेत. भुयारातील आवाजाचे कोडे कठोर आहे, पण खोटे नाही. पुरावा खेळात ठेवलेला आहे. तो दूर ठेवलेला आहे, इतकेच. याउलट १९९९ साली आलेल्या ‘गॅब्रिएल नाईट ३’ या साहसखेळातील एक कोडे आजही उपहासाने आठवले जाते. तो खेळ प्रथमपुरुषी नव्हे, पण त्याच कुळातला. नायकाला मोटारसायकल भाड्याने हवी असते. त्यासाठी मित्राचे सोंग घ्यायचे, म्हणून मांजराचे केस चिकटपट्टीने गोळा करून ते पाकाने ओठांवर चिकटवायचे आणि मिशी तयार करायची. मौज अशी की, ज्या मित्राचे सोंग घ्यायचे त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पारपत्रावरील छायाचित्रावरही मिशी रेखाटायची. हे उत्तर कोणत्याही शहाण्या विचाराने सुचण्यासारखे नाही. येथे खेळणारा अडतो तो स्वतःच्या दुर्लक्षामुळे नव्हे. वहीतील पानच फाडून ठेवल्यावर मुनिमाने मेळ कसा लावावा?

अवघड आणि तरीही प्रामाणिक अशा कोड्याचा उत्तम नमुना मिलर बंधूंच्याच पुढील खेळात सापडतो. ‘रिव्हन’ हा मिस्टचा उत्तरभाग १९९७ मध्ये पाच तबकड्यांवर आला. एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना तबकडी बदलावी लागे, हा त्या काळचा वेगळाच जाच. या जगातील लोकांचे अंक निराळे आहेत आणि ते समजल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. खेळ ते शिकवीत नाही. फक्त एका ओसाड शाळेत मुलांचे एक खेळणे ठेवलेले आहे. ते फिरविले की एक चिन्ह उमटते आणि टांगलेली छोटी बाहुली तितकी घरे खाली, एका जलचराच्या जबड्याकडे सरकते. घरे मोजली की चिन्हाचा अर्थ कळतो. एक ते दहा असे हाती येतात. पुढचे अंक कोठेच दिलेले नाहीत. परंतु मूळ चिन्ह पाव फेरा वळविले की त्याची पाचपट होते, हे ध्यानात आले की उरलेले सारे अंक खेळणारा स्वतः रचू शकतो. तो क्षण विलक्षण आनंदाचा असतो. त्या आनंदातच एक थंड जाणीव मिसळते: या गावातील मुले ज्यावर अंक शिकली, ते खेळणे म्हणजे तेथील जुलमी राजाच्या शिक्षेची प्रतिकृती आहे. अंक शिकता शिकता त्या गावाचे भयही समजते. कोडे आणि कथा येथे वेगळी राहत नाहीत.

वह्यांशी ज्यांचा नित्य संबंध आहे, त्यांना आणखी एक खेळ विशेष जवळचा वाटेल. लुकस पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ २०१८ मध्ये आला. काळ आहे १८०७ चा. लंडनहून मालाने भरून निघालेले आणि हरवले म्हणून जाहीर झालेले एक व्यापारी जहाज इंग्लंडच्या फालमथ बंदरात माणसांवाचून परत येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाची भूमिका खेळणाऱ्याकडे आहे. जहाजावरील ६० जणांची यादी त्याच्या हाती असते. त्यांत हिंदुस्थानातले खलाशीही आहेत. प्रत्येकाचे नाव आणि त्याचे काय झाले, हे नोंदवहीत भरायचे. पुरावा म्हणून मृतांच्या अखेरच्या क्षणांची गोठलेली दृश्ये दिसतात. ही दृश्ये भीषण आहेत, म्हणून हा खेळ बालकांसाठी नव्हे. माणूस ओळखायचा तो बोलीवरून, पोशाखावरून, झोळीवरील क्रमांकावरून, तो कोणाजवळ उभा आहे यावरून. एकेक नोंद बरोबर की चूक, हे वही लगेच सांगत नाही. तीन नोंदी पूर्ण बरोबर झाल्या म्हणजेच ती त्यांना पक्के करते. त्यामुळे अंदाजाने ठोकून देण्याची सोय बरीचशी संपते आणि प्रत्येक नोंदीमागे कारण शोधावे लागते.

अडलेल्या माणसाने करावे काय, हा प्रश्न उरतोच. आज कोणत्याही खेळाचे संपूर्ण उत्तर भ्रमणध्वनीवर क्षणात मिळते. पूर्वीची रीत अधिक विचारी होती. १९८० च्या दशकात इन्फोकॉम ही अमेरिकन कंपनी आपल्या साहसखेळांसाठी अदृश्य शाईने छापलेल्या पुस्तिका विकत असे. सोबतच्या खास पेनाने ओळ घासली की अक्षरे उमटत. प्रत्येक प्रश्नाखाली आधी हलकी सूचना, मग थोडी स्पष्ट आणि शेवटी पूर्ण उत्तर. किती घासायचे, हे वाचणाऱ्याच्या हाती असे. ज्याला धक्का हवा त्याला धक्का मिळे. उत्तर लादले जात नसे.

आजही ही रीत घरात पाळता येते. अर्ध्या तासात काही सुचले नाही तर उठावे. झोपेनंतर तेच चित्र अनेकदा वेगळे दिसते. सापडलेल्या खुणा वहीत लिहाव्यात, कारण पुष्कळदा उत्तर त्याच वहीच्या मागल्या पानावर असते. मग घरातील दुसऱ्या कोणाला तरी पडद्यासमोर बसवावे. आवाज एकाला ओळखता येतो, आकृती दुसऱ्याला आठवते, आणि एकट्याचा वैताग दोघांच्या बोलण्यात हलका होतो. एवढे करूनही अडले तर एकच सूचना वाचावी. जेथे पुरावाच ठेवलेला नाही, अशा मांजराच्या मिशीपुढे मात्र उत्तर पाहण्यात कमीपणा नाही. तो दोष खेळ रचणाऱ्याचा. परंतु प्रामाणिक कोड्याचे उत्तर उसने आणले, तर मेळ बसतो, चूक मात्र सापडलेली नसते.

चूक न शोधण्याची किंमत काय, हे मिस्टचा शेवट दाखवितो. ग्रंथालयातील दोन पुस्तकांत दोन भाऊ अडकलेले आहेत. दोघेही मदतीची याचना करतात, दोघेही एकमेकांवर आरोप करतात. जो भाऊ सुटेल, तो सोडविणाऱ्यालाच आपल्या जागी कायमचा कोंडतो. बोलणे ऐकून निर्णय करू गेले तर फसगत ठरलेली. परंतु वेगवेगळ्या जगांत त्या दोघांच्या खोल्या आहेत. एकाच्या खोलीत लुटीचे ऐश्वर्य, दुसऱ्याच्या खोलीत छळाची साधने. कोड्यांच्या निमित्ताने ज्याने त्या खोल्या निरखून पाहिल्या, त्याला दोघांपैकी कोणाचा शब्द किती खरा, हे कोणी सांगावे लागत नाही, आणि निराळी वाट शोधण्याची बुद्धी होते. ज्याने उत्तरे पाहून धावत मजल मारली, त्याने त्या खोल्यांतून फक्त कागदाची पाने उचललेली असतात.

योग्य वाट सापडली तरी खेळ ना पदक देतो, ना जयघोष करतो. आभाराचे चार शब्द ऐकवून तो खेळणाऱ्याला पुन्हा त्याच ग्रंथालयात सोडतो. बेट तेच, पायवाट तीच, धक्काही तोच. पहिल्या दिवशी जे दिसूनही दिसले नव्हते, ते आता प्रत्येक वळणावर ओळखीचे होऊन समोर उभे असते.