शाई भरण्याचा हक्क

आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी घरांवर कागदपत्रांचा भार जरा जास्तच असतो. बेला, जैनद या भागांत घरची बोली मराठी, जमिनीचे पासबुक तेलुगूत, आणि राज्याची सीमा ओलांडून पांढरकवड्याला, यवतमाळला किंवा नांदेडला शिकायला जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या राज्याच्या कचेरीपुढे प्रत्येक दाखल्याची प्रत नव्याने ठेवावी लागते. अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती, मराठी माध्यमाच्या मुलांसाठी काढलेल्या मोजक्या सराव प्रश्नपत्रिका यांसाठी छोटा इंकजेट प्रिंटर सोयीचा पडतो. प्रिंटर स्वस्तात येतो, पण काही मिलिलिटर शाईची नवी कार्ट्रिज घ्यायला गेले की प्रिंटरच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजावा लागतो. म्हणून कोणी जुनी कार्ट्रिज साफ करून घरीच शाई भरली, तर त्याला चिक्कूपणा किंवा जुगाड म्हटले जाते. माझे म्हणणे असे आहे की सायकलचे पंक्चर काढावे तशी ही साधी दुरुस्ती आहे. ती करण्याचा हक्क वस्तू विकत घेणाऱ्याचा आहे आणि तो कायद्यात स्पष्ट लिहिला गेला पाहिजे.

आधी कार्ट्रिजमध्ये काय असते ते पाहू. घरगुती वापराच्या अनेक स्वस्त प्रिंटरांत छपाईचे डोके, म्हणजे प्रिंटहेड, कार्ट्रिजच्याच तळाशी बसवलेले असते. त्यातल्या केसाहून बारीक छिद्रांमागे सूक्ष्म तापक असतात. तापक क्षणभर तापला की शाईत बुडबुडा फुगतो आणि त्याच्या धक्क्याने थेंब कागदावर उडतो. कॅनन आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत एकमेकींपासून स्वतंत्रपणे शोधली. ह्यूलेट-पॅकार्डचा ‘थिंकजेट’ १९८४ साली बाजारात आला, तेव्हा शाईबरोबर डोकेही बदलता येईल अशीच त्याची रचना होती. डोके झिजते, छिद्रे तुंबतात, हे त्यामागचे कारण खरेच होते. पण पहिली शाई संपली म्हणून डोके निकामी होत नाही. आतला स्पंज कोरडा पडलेला असतो, एवढेच. शिवाय पडद्यावर दिसणारी ‘शाई संपली’ ही सूचना बहुतेक वेळा किती थेंब उडाले याच्या हिशेबावरून दिलेला अंदाज असते. त्या अंदाजावर कार्ट्रिज फेकणारा ग्राहक तिचा सर्वांत मौल्यवान, अजून चालू असलेला भाग केरात टाकतो.

हे काम घरी जमण्यासारखे आहे, पण त्याला शिस्त लागते. आदिलाबादच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि चार दिवस न वापरलेल्या कार्ट्रिजच्या छिद्रांवर शाई वाळून बसते. ती सोडवायला कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या मऊ कागदावर डोके काही मिनिटे टेकवून ठेवावे. बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षार त्याच छिद्रांत अडकतात. तांब्याचे संपर्कबिंदू कोरडे ठेवावेत. शाई सिरिंजने हळूहळू, स्पंज शोषेल तेवढीच भरावी आणि वरची हवेची वाट पूर्ण बंद करू नये, नाहीतर शाई खाली उतरत नाही. काळी शाई बहुधा रंगकणांची असते आणि रंगीत शाई विरघळलेल्या रंगाची. एकीच्या जागी दुसरी घातली तर डोके कायमचे तुंबू शकते. शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे छपाई फिकी होताच थांबणे. शाई तापकाला थंडही ठेवते, त्यामुळे कोरडी कार्ट्रिज रेटत राहिल्यास तापक जळतात आणि मग कितीही शाई भरून उपयोग होत नाही.

पहिला आक्षेप दर्जाचा आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. हलकी शाई फिकी पडते, पाण्याचा थेंब पडला की पसरते, कधी प्रिंटरच्या आत गळते. जमिनीचा किंवा न्यायालयाचा कागद वर्षानुवर्षे टिकावा लागतो. पण यातून निघणारा निष्कर्ष असा की असे कागद लेझर प्रिंटरवर काढावेत, कारण विरघळलेल्या रंगाची कंपनीची शाईसुद्धा साध्या कागदावर पाणी फारसे सोसत नाही. सराव प्रश्नपत्रिका, नोट्स, अर्जाचा कच्चा मसुदा यांना तेवढा टिकाऊपणा लागत नाही. कोणत्या कामाला कोणती शाई हे ठरवण्याची समज ग्राहकाला असते. आणि भरलेली शाई गळून प्रिंटर बिघडला, तर तो खर्च शाई भरणाऱ्याने सोसावा, हेही न्याय्यच आहे.

दुसरा आक्षेप व्यापाराचा आहे. प्रिंटर कमी नफ्यात विकायचा आणि शाईवर कमवायचे, या गणितावरच तो स्वस्त मिळतो, लोक शाई भरू लागले तर प्रिंटर महागतील, असे सांगितले जाते. तसे झाले तर होऊ द्यावे. खरी किंमत दुकानातच कळली, तर महिन्याला तुटपुंजी शिल्लक असलेले घर विचार करून खरेदी करील. विक्रेत्याच्या गणितासाठी घेणाऱ्याची मालकी अर्धवट राहू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. तो वाद लेझरच्या टोनर कार्ट्रिजचा होता, पण एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, हा निकाल शाईच्या कार्ट्रिजलाही तितकाच लागू पडणारा विचार देतो. तरीही नुसते तत्त्व पुरत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या काही प्रिंटरांनी आधीच्या सॉफ्टवेअर बदलामुळे बाहेरच्या चिपच्या कार्ट्रिजा अचानक नाकारल्या. ग्राहकांच्या संतापानंतर कंपनीला तो अडथळा काढणारे सॉफ्टवेअर द्यावे लागले. न्यायालयाने उघडलेले दार सॉफ्टवेअर गुपचूप बंद करू शकते, म्हणून कायद्यात नेमकी तरतूद हवी.

तिसरा आक्षेप असा की बाटलीने शाई भरायचे टाकीवाले प्रिंटर आले, मग हा वाद कशाला? पण ते प्रिंटर आले कसे हे पाहिले पाहिजे. इंडोनेशियात लोक आणि दुकानदार प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या जोडू लागले होते. एप्सनने २०१० साली तिथेच आपला टाकीवाला प्रिंटर प्रथम आणला आणि पुढे इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. ग्राहकाची ‘खटपट’च उद्योगाची नवी दिशा ठरली. टाकीचा प्रिंटर पहिल्या खरेदीत महाग असतो आणि महिन्याला दहा पाने काढणाऱ्या घराला तो परवडत नाही. घरोघरी असलेले जुने प्रिंटर तर आहेतच.

प्रश्न कचऱ्याचाही आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे आणि तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण हैदराबादपासून तीनशे किलोमीटरवरच्या या जिल्ह्यात एकेक कार्ट्रिज गोळा करून कारखान्यापर्यंत नेण्यापेक्षा ती चार वेळा भरून वापरणे केव्हाही शहाणपणाचे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, ते पहिले पाऊल होते. आता प्रिंटरच्या खोक्यावर, त्यात पुन्हा शाई भरलेली कार्ट्रिज चालते की नाही, हे ठळक छापणे सक्तीचे व्हावे, आणि विक्रीनंतर सॉफ्टवेअर बदलून ती नाकारण्यास मनाई व्हावी. आदिलाबादच्या सरकारी आयटीआयने शाई भरण्याचे आणि डोके साफ करण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण तेलुगूबरोबर मराठीतही द्यावे, आणि पार निकामी झालेल्या कार्ट्रिजा जमा करण्याचे ठिकाण तिथेच असावे. मग बेल्यातला विद्यार्थी वाळलेली कार्ट्रिज फेकण्याआधी ती धुऊन पाहील, आणि त्या कामाला कोणी जुगाड म्हणणार नाही.