पुढचा बोअर मारण्याआधी



बोअरची गाडी आता बाराही महिने आपल्या भागात फिरते. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडून येणाऱ्या या गाड्या संध्याकाळी शिवारात शिरतात, रात्रभर पाषाण फोडतात आणि सकाळी पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. दोनशे फुटांवर नुसता धुरळा, चारशेवरही धुरळा. मग घरातले कोणीतरी म्हणते, एवढे गेलेच आहे तर अजून शंभर टाका. खोली वाढते तसा फुटाचा दरही चढतो. आणि जागा दाखवायला कोण? पाणाड्या, तळहातावर उभ्या राहणाऱ्या नारळासकट. पाषाण फोडायचे यंत्र आपण घेतले. त्या पाषाणात पाणी कुठे आणि किती असते हे सांगणारे शास्त्र वेशीबाहेर ठेवले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात. त्यांना विचारून बोअर घेतलेला शेतकरी शोधून सापडत नाही.

शास्त्र अवघड नाही. महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसला आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत. खालच्या अखंड काळ्या पाषाणात ते साठत नाही. सहाशे फुटांवर कधी पाणी लागले तर ते एखाद्या भेगेत वर्षानुवर्षे झिरपून जमलेले असते. एका उन्हाळ्यात ते उपसले की भेग पुन्हा भरायला एक पावसाळा पुरत नाही. वर केसिंग नीट नसेल, तर शेजारच्या विहिरीला पोसणारे वरच्या थरातले पाणीही त्याच भोकातून खाली उतरते.

आता हिशोब करू. हेक्टरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. शिवार हजार हेक्टरांचे आणि पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर वर्षाला ५०० कोटी लिटर पडतात. आपल्या खडकात त्यातले दहा टक्क्यांच्या आसपास मुरते, म्हणजे ५० कोटी. पाटपाण्यावरच्या हेक्टरभर उसाला, पावसाचा वाटा वजा जाता, दीड कोटी लिटर सहज लागतात. तेहतीस हेक्टर ऊस अख्ख्या शिवाराचे मुरलेले पाणी पिऊन टाकतो. उरलेल्या नऊशे सदुसष्ट हेक्टरांनी, जनावरांनी आणि माणसांनी काय प्यायचे?

यंत्राने पाणी तर नेलेच, आपला एकमेकांशी असलेला व्यवहारही बदलला. जुने सातबारे काढून पाहा. विहिरीत कोणाचा चार आणे हिस्सा, कोणाचा दोन आणे, हे त्यावर लिहिलेले असे. हिस्सा होता म्हणून पाळी होती, पाळी होती म्हणून भांडणे होती, आणि भांडण मिटवायला भावकीला एकत्र बसावे लागे. विहिरीत डोकावले की पाणी किती खाली गेले ते पोरालाही दिसे आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे ते ठरे. बोअरला हिस्सेदार नाही आणि त्यातले पाणी दिसतही नाही. शेजाऱ्याने चारशे फूट नेला म्हणून आपण पाचशे नेतो. तो आडवे बोअर घेतो, आपणही घेतो. एकाच बांधावरचे दोन सख्खे भाऊ एकाच भेगेतले पाणी दोन मोटरींनी ओढतात आणि कर्ज दोघांच्याही डोक्यावर चढते.

याचा अर्थ जुना काळ चांगला होता असा कोणी काढू नये. गावच्या आडावर सगळ्यांना पाणी भरता येत नव्हते. पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. सोलापुरात घडलेल्या हातपंपावरून पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू तयार झाला. तो वस्तीवर बसला तेव्हा कित्येक बायांची दुसऱ्याच्या ओंजळीकडे बघत थांबण्याची लाचारी संपली. तेही बोअरचेच पाणी होते. पिण्याच्या पाण्याच्या बोअरला आमचा विरोध नाही. भांडण आहे ते एकट्याच्या उसासाठी सगळ्यांच्या पायाखाली केलेल्या भोकाशी.

१९७२ साली धान्य नव्हते, पण पिण्यापुरते पाणी होते, असे म्हातारी माणसे सांगतात. २०१६ साली धान्य होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाऊस दोन्ही वेळी रुसला होता. मधल्या काळात आपण काय केले याचे उत्तर प्रत्येकाच्या शेतात आहे.

कायदा आहे. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल जाण्याला आळा घालतो. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे तर १९९३ पासून कायद्यात आहे. दोन्ही नियम रात्रीच्या गाडीखाली चिरडले जातात, आणि आपण सगळे ते उघड्या डोळ्यांनी पाहतो.

त्यातच आता सौर पंप येतो आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यात दारे धरायला जाण्यातून शेतकऱ्याची सुटका होते, हे मोठे काम आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. पण आजवर भारनियमनामुळे मोटर थांबायची तेव्हा झऱ्याला उसंत मिळायची. आता ऊन आहे तोवर मोटर चालेल आणि बिलाचा धाकही नसेल. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजही मोफत आहे. उपशाला लागलेला शेवटचा लगाम सुटतो आहे. नवा लगाम सरकार लावणार नाही, तो गावालाच लावावा लागेल.

लावता येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले आणि पाळले. तिथे दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पीक ठरवतात. ते गाव पर्जन्यछायेतले आहे, आपल्यासारखेच.

आमची मागणी एवढीच. शेतीसाठी दोनशे फुटांखाली एकही नवा बोअर नको. पावसाळा संपला की गावातल्या ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजून चावडीवर लिहावी. सौर पंप ज्याला मिळेल त्याने ठिबक केलेच पाहिजे. ऊस किती एकर लावायचा हे ग्रामसभेने ठरवावे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. बायाबापड्यांसह सगळ्यांनी या. येताना आपल्या बोअरची खोली, मोटर किती एचपीची आणि गेल्या उन्हाळ्यात पाणी कोणत्या महिन्यात तुटले, हे कागदावर लिहून आणा.

आपलेच,
गावातील काही शेतकरी